कुत्र्याचं पान

"ऊरिगे होगिद्रा सर? काय आणलं मग गावाकडनं?" समोरच्या घरातल्या नागराजनं स्कूटरवर पाणी मारता मारता विचारलं, आणि परसूचा हात आपल्या गाडीच्या डिकीवर तसाच राहिला. विचारण्यात काही वावगं नव्हतं. पिरनवाडीच्या या नव्या लेआउटमध्ये रविवारी गावाहून परतलेल्या माणसाला सगळेच हे विचारतात. कुणी चिकोडीहून काकवी आणतं, कुणी सांबऱ्याहून भाजी, आणि संध्याकाळपर्यंत त्यातली एखादी वाटी शेजारी पोचते. "काही नाही हो," परसू म्हणाला, "कोंडा आणलाय पोतंभर. झाडांना." झाडं म्हणजे कंपाउंडच्या कडेच्या दोन जास्वंदी. नागराजनं त्या जास्वंदींकडं पाहिलं, डिकीकडं पाहिलं आणि तो पुन्हा स्कूटर धुऊ लागला. काय आणलं गावाकडनं. बापाच्या घरून, सख्ख्या भावाच्या हातून मी काय आणलं, हे मलासुद्धा कुणीतरी सांगा, असं परसूच्या मनात आलं आणि त्याला स्वतःच्याच चिडण्याची लाज वाटली.

पोत्यात वर कोंडा होता हे खरं. कोंड्याखाली, खताच्या प्लास्टिकात गुंडाळलेलं भेकराचं कातडं होतं, खूर होते, मुंडकं होतं, आतडी होती. खाण्याजोगं सोडून उरलेलं सगळं. शामूनं, त्याच्या धाकट्या भावानं, ते काल दिवस कलताना रानाच्या कडेला मारलं होतं, आप्पांच्या ठासणीच्या बंदुकीनं. हे गुन्ह्यात बसतं हे खानापुराकडच्या त्या गावात पोरासोरांनाही ठाऊक आहे, म्हणून शिकार हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. फोनवर शामू एवढंच म्हणाला होता, "अण्णा, पावणा आलाय. सकाळी गाडी घिऊन ये." आणि परसूला, कॉलेजच्या कचेरीत हेड क्लार्क असलेल्या, चष्मा लावणाऱ्या, गुडघेदुखी सुरू झालेल्या परसूला, पोरासारखा आनंद झाला होता. बोलावलं आपल्याला. किती वर्षांनी बोलावलं. रचनाला त्यानं फक्त "आप्पांना भेटून येतो" असं सांगितलं, स्वयंपाकघरातून एक जाड प्लास्टिकची पिशवी काढली, तिची घडी करून पँटच्या खिशात घातली. ती घडी आत्ताही मांडीला टोचत होती. ती बाहेर काढून फेकायचंही त्याला सुधरत नव्हतं.

वाटे गोठ्यामागं पडतात, पहिल्यापासून तिथंच. सागाची पानं धुऊन ओळीनं मांडायची, जेवढ्या घरांच्या चुली हाकाऱ्याला, जनावर उठवायला, गेल्या तेवढी पानं. ज्याच्या गोळीनं जनावर पडलं त्याच्या पानावर मानेचा तुकडा जास्त. आणि ओळीच्या शेवटी एक लहान पान कुत्र्याचं, कारण माग कुत्रं काढतं. वाटा घालणाऱ्यानं बोलायचं नाही, घेणाऱ्यानं बोलायचं नाही, हे का जास्त आणि ते का कमी हे तर मुळीच नाही. पान मांडताना जो बोलला त्याच्या वाट्याला पुढं जनावर येत नाही म्हणतात. आज आप्पा मांडत होते. हात कापतो त्यांचा आता, पण पान ठेवताना कापत नव्हता. परसू भिंतीला टेकून उभा होता आणि पानं मोजत होता. यल्लाप्पाकाकाची चूल, रवळूची, परबांची, शामूची, असं करत ओळ पुढं सरकत होती, आणि प्रत्येक पानाला त्याला वाटत होतं की आता. आता हे. मग ओळ संपली. आप्पांनी शेवटचं लहान पान ठेवलं, त्यावर फुप्फुसाचे तुकडे टाकले, आणि शामूचा टिप्या, एका कानाचा तो काळा कुत्रा, शेपूट हलवत पुढं आला. परसूनं पुन्हा मोजलं. कुत्र्याला पान होतं.

त्याला मटण खायचं नव्हतं. हे कुणाला सांगूनही पटलं नसतं. रचना तर म्हणाली असती, एवढंच आहे तर कॅम्पातनं आणूया की किलोभर. ती शहापूरची, मागावर लुगडी विणणाऱ्यांच्या घरातली. तिच्या माहेरी जे काही वाटलं जायचं ते ताटात वाटलं जायचं, आणि ताट पोटापुरतं असायचं. पान म्हणजे काय हे तिला कसं सांगणार? त्याला पान पाहिजे होतं. त्या ओळीत, त्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर, आपल्या नावाचं एक सागाचं पान. वर काही नसतं घातलं तरी चाललं असतं. वाटा चुलीला असतो, माणसाला न्हाय, हे आप्पांचंच वाक्य. परसूनं ते लहानपणी आप्पांच्या मांडीला मांडी लावून ऐकलं होतं, भावकूकाकाच्या वेळी. भावकूकाका आप्पांचा चुलतभाऊ, बायकापोरांसह गोव्याला हॉटेलात कामाला गेलेला. एकदा सणाला आला आणि नेमके वाटे पडत होते. तो असाच भिंतीला टेकून उभा होता. पोरवयातल्या परसूनं विचारलं, आप्पा, काकाचं पान? आप्पांनी मान न वर करता ते वाक्य सांगितलं. संध्याकाळच्या बसला काका निघाला तेव्हा त्याची मान खाली होती, पिशवी जड होती, आणि आप्पा त्याला पोचवायला पार पाणंदीच्या तोंडापर्यंत गेले होते. एवढंच परसूला आठवत होतं. त्या दिवशी त्याला काकाची दया आली होती, आणि आपली चूल कधी थंड होणार नाही याचा मोठा भरवसा वाटला होता.

चूल त्यानं स्वतःच हलवली होती. पिरनवाडीला प्लॉट घेतला, घर बांधलं, गॅसवर दूध उतू घालवलं, आप्पांना हाताला धरून गच्चीवर नेलं आणि लांबचं विमान दाखवलं. आप्पा गावात सांगत फिरले, माझा परसू हापिसात असतो, म्हणून. सांगितलं गावाला, त्याला नाही. त्याला आप्पांनी काय दिलं हे तो गाडी चालवत असताना पूर्ण वाटेत आठवत होता. दहावीची एसेसेलसी पास झाल्यावर एक घड्याळ. खांद्यावर हात नाही. आणि शामू, दोनदा नापास झालेला शामू, त्याला बंदूक. आज वाटे पडल्यावर आप्पा उठले ते शामूच्या खांद्याचा आधार घेऊन, आणि उठल्यावरही त्यांचा हात तिथंच राहिला, उगाच, कामाशिवाय. तो हात परसूच्या डोळ्यांसमोरून जात नव्हता. आधारासाठी काठी होती की. काठी भिंतीला होती, परसूच्या शेजारीच होती. तोही भिंतीलाच होता.

आणि मग त्या रिकाम्या झालेल्या ओळीवरून शामू त्याच्याकडं आला होता, हात पुसत, अंगाला दारूचा म्हणजे बंदुकीच्या दारूचा वास, तोच वास जो पूर्वी आप्पांच्या घोंगड्याला यायचा. "अण्णा, एक काम हुतं," म्हणाला. "परवापास्नं फॉरेस्टची जीप फिराय लागल्या. गावात पुरलं तर कुत्री उकरत्यात. तू शेराकडं घिऊन जा, तुझ्या गाडीला कोण इचारणार हाय?" म्हणजे यासाठी. वाटे पाडायला नाही, वाटा द्यायला नाही, घाण उचलायला बोलावलं होतं. खाणारे इथं आणि उकिरडा तिकडं. परसूला हसू आलं, आणि ते हसू शामूला कबुलीसारखं दिसलं असावं, कारण तो खूश होऊन पोतं आणायला गेला. आई माजघराच्या दारात बसून दाभण आणि सुतळीनं त्या पोत्याचं तोंड शिवत होती. घाणीच्या पोत्याला इतकी निगुतीची शिवण. आत यल्लव्वा, शामूची बायको, मिरची भाजत होती, काळीज तव्यावर पडल्याचा आवाज आला, आणि तो वास येताच परसूच्या तोंडाला पाणी सुटलं, याचा त्याला सगळ्यात जास्त राग आला.

"खाऊन जा की रं," आई म्हणाली.

"भूक न्हाय."

"घटकाभरात हुतंय सगळं."

"रचना वाट बघत असंल," तो म्हणाला. रचना वाट बघत नव्हती, ती वडगावला बहिणीकडं गेलती, आणि आईला ते त्यानंच सकाळी सांगितलं होतं. ओसरीवर यल्लाप्पाकाका आणि परबांचा म्हातारा विडा चघळत बसले होते. आई त्यांच्याकडं एकदा बघून हळू आवाजात म्हणाली, "पोतं उलटं करू नगंस. आन घरी गेल्या गेल्या सोड. उन्हात ठिऊ नगं." त्यानं मान डोलावली. घाणीचीसुद्धा किती काळजी. शामूनं पोतं डिकीत उभं ठेवलं, बाजूला वीट लावली, मग काचेशी आला आणि वाकून म्हणाला, "अण्णा, जरा ऐक की, त्यात..." परसूनं काच वर घेतली. एसी लावला. काचेपलीकडं शामूचं तोंड काहीतरी बोलत होतं, मग थांबलं, मग त्यानं हात हलवला. आप्पा गोठ्याच्या दारात उभे होते आणि त्याच्याकडंच बघत होते. ते एरवी कधी उभे राहत नाहीत निरोपाला. परसूनं ते आरशात पाहिलं आणि मुद्दाम दुसरीकडं बघितलं.

टोलनाक्याच्या अलीकडं एक फलक आहे. वाघ, हरीण, मोर यांची चित्रं, कन्नडमध्ये काही ओळी आणि खाली वनखात्याचा फोन नंबर. या रस्त्यानं तो शेकडो वेळा गेला असेल, पण नंबर पहिल्यांदाच वाचला. गाडी कडेला घेतली. त्यानं स्वतःला सांगितलं की पाणी प्यायला थांबलो आहोत. पाणी प्यायला. मग नंबर दाबला. काय सांगायचं हेही मनात तयार झालं होतं, नाव न सांगता, कन्नडमध्ये, कचेरीतल्या स्वच्छ कन्नडमध्ये. गाव अमुक, घराच्या मागं गोठा, माळ्यावर ठासणीची बंदूक. शामूच्या खांद्यावरचा तो हात मग कुठं राहील ते बघू. पलीकडं एकदा घंटी वाजली आणि त्याच क्षणी त्याच्या ध्यानात आलं की सगळ्यात मोठा पुरावा आपल्या पाठीमागं, वीट लावून, उभा आहे. त्यानं फोन तोडला. भावावरच्या मायेनं तोडला असता तर बरं झालं असतं. त्यानं गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली, आणि टोलनाक्यावरच्या पोरीनं हसून "होगरि सर" म्हणत पुढं जायला सांगितलं तेव्हा तोही हसला.

आता नागराज स्कूटर धुऊन आत गेला होता. भर दुपारची वेळ, लेआउटमध्ये सगळे जेवून आडवे झालेले. टाकायचं कुठं? सकाळी कचरागाडी गाणं लावत येते, ओला वेगळा, सुका वेगळा. खूर ओल्यात की सुक्यात, असं मनात येऊन त्याला पुन्हा हसू आलं. लेआउटच्या मागं, जिथं अजून प्लॉट पडायचे आहेत, तिथं मुरूम काढून झालेला एक खड्डा आहे. त्यानं जास्वंदींसाठी आणलेलं खोरं घेतलं, गाडी तिथवर नेली आणि पोतं ओढून बाहेर काढलं. शिवण सोडून आधी कोंडा तरी काढून घ्यावा असं क्षणभर वाटलं, पण त्या निगुतीच्या टाक्यांना हात लावायची त्याला शिसारी आली. उलटं करू नगंस. त्यानं पोतं मुद्दाम उलटं केलं आणि लाथेनं खड्ड्यात ढकललं. आत काहीतरी खणकन् वाजलं. शिंगं दगडावर आपटली असतील, बोटाएवढी तर शिंगं त्या जनावराला, असं म्हणत त्यानं वरून मुरूम ओढला. फार नाही. पाठ दुखायला लागली तेवढा ओढला. शेजारच्या अर्धवट बांधकामाच्या सावलीत दोन गावठी कुत्री पडली होती. त्यांनी डोळे उघडून त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा मिटले. तुम्हाला तरी काय, तुम्ही पण घ्या, असं तो त्यांना मोठ्यानं म्हणाला, आणि घरी येऊन फ्रीजमधला सकाळचा भात ताकाबरोबर खाऊन झोपला. झोप चांगली लागली. हे त्याला नंतर सारखं आठवणार होतं.

दिवस मावळायच्या सुमाराला फोन वाजला. आई. रचना नुकतीच आली होती आणि गॅसवर चहा ठेवत होती.

"पोचलास न्हवं? बरं ऐक, त्यो डबा परत धाड बाबा. माझ्या लग्नातला हाय, पितळी कडीचा. आता तसलं मिळत न्हाईत. कोण येणारं आसलं तर त्यांच्याजवळ दे."

"कसला डबा?"

"पोत्यात वर ठेवल्याला. सोडलं न्हाईस व्हय अजून?"

परसू उठून उभा राहिला, मग बसला. "सोडलं," तो म्हणाला. "सोडलं की."

"मग. शामूनं आपल्या पानातलं अर्धं काढलं. मानंचं सगळं तुलाच दिलंय बघ, सोता न्हाय ठेवलं. आन आप्पांनी सोता पान मांडलं डब्यात. धुवून. हात कापत हुता, तरी मला हात लावू दिला न्हाय. तिथं समद्यांच्या देखत कसं बोलायचं? म्हून शामू गाडीजवळ आलता सांगाय. तू काच लावलीस म्हणं."

"एसी होता," परसू म्हणाला.

"व्हय, शामू बी तसंच म्हणाला. शिजीवलं काय रचनानं?"

भावकूकाकाची पिशवी जड होती. ते त्याला आत्ता कळलं, इतक्या वर्षांनी, फोन कानाला लावलेला असताना. गोव्याहून हलकी आलेली पिशवी जाताना जड होती, आणि आप्पा पाणंदीच्या तोंडापर्यंत गेले होते ते उगीच नव्हे. ज्याची चूल गेली त्याला ओळीत पान नाही. त्याला आपल्या पानातलं द्यायचं, आणि बोलायचं नाही. वाक्याचा पहिला अर्धा भाग आप्पांनी त्याला तोंडानं शिकवला होता आणि दुसरा अर्धा करून दाखवला होता, आणि हेड क्लार्कानं फक्त ऐकलेलं तेवढं नोंदवून घेतलं होतं. "शिजतंय," तो आईला म्हणाला. "आत्ताच ठेवलंय." रचनानं चहाच्या पातेल्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

खड्ड्याशी तो पोचला तेव्हा अजून दिसत होतं. मुरूम चहूकडं उडवलेला, पोतं फाटून त्याचे धागे बाभळीला लागलेले, कोंडा सांडून वाऱ्यावर पसरलेला. कातडं दूरवर ओढत नेलेलं. डबा खड्ड्याच्या कडेला आडवा पडला होता, एका बाजूनं चेपलेला, कडी निघालेली, आत इतका स्वच्छ चाटलेला की घासावा लागू नये. झाकण शोधायला वेळ लागला. पान डब्याबाहेर होतं, हिरवं, दातांनी फाटलेलं, मधल्या शिरेपाशी अजून ओलसर. परसू उकिडवा बसला. दुपारची ती दोन कुत्री बांधकामाच्या पायरीवर पडली होती, पोटं टम्म, आणि त्यातल्या एकानं त्याला पाहून झोपेतच शेपूट हलवली. त्याला त्या कुत्र्याचा हेवा वाटला. खरोखरच वाटला, सकाळी टिप्याचा वाटला होता तसाच. यानं खाल्लं. शामूच्या पानातलं, आप्पांच्या हातचं, मानेचं मांस यानं खाल्लं आणि मला त्याची चवही ठाऊक नाही. त्यानं एक दगड उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. कुत्र्याचं काय चुकलं? त्याला आमंत्रण होतं.

मग त्यानं काम केलं. दुपारी ज्याची शिसारी आली होती ते सगळं हातानं गोळा केलं, कातडं, खूर, डोळे अर्धे मिटलेलं ते लहान मुंडकं. खोरं मारून खड्डा खोल केला, गुडघा ओरडत होता तरी केला. तळाशी मुंडकं नीट बसवलं, त्यावर कातडं टाकलं, आणि मोठे दगड रचून वरून मुरूम दाबला. आता शामूला कुणी काही करू शकणार नव्हतं, आणि हे आपल्यामुळं, एवढं तरी आपल्यामुळं, असं वाटून त्याला बरं वाटलं. पान मात्र त्यानं पुरलं नाही. खिशातली प्लास्टिकची पिशवी शेवटी कामी आली. पानाचे तुकडे तिच्यात घालून त्यानं ती परत खिशात ठेवली, आणि शामूला फोन लावला. काहीतरी मोठं बोलायचं होतं.

"अण्णा, झालं काय काम?"

"झालं. कुणाच्या बापाला सापडत न्हाय आता." आपण गावचं बोलतोय हे परसूच्या लक्षात आलं. "शामू, मानंचं तू सगळं मला दिलंस?"

"आता काय तेचं," शामू म्हणाला. "कसं झालतं ते सांग."

"चांगलं झालतं," परसू म्हणाला. "लई दिसांनी."

"आप्पा, चांगलं झालतं म्हणतोय अण्णा," शामू तिकडं ओरडून सांगत होता, आणि पलीकडून आप्पांचा हसण्याचा की खोकल्याचा आवाज आला. अगदी जवळून आला. म्हणजे आप्पा शामूच्या शेजारीच बसले होते. बहुतेक हातही खांद्यावर असेल. परसूला वाटलं होतं की आता, इतकं कळल्यावर, पोटातली ती आग विझेल. ती विझली नव्हती. बंदूक त्याची होती, गोठा त्याचा, आप्पा त्याचे, आणि आता देणाराही तोच. कालपर्यंत शामू चांगला आहे असं तरी म्हणावं लागत नव्हतं. आता तेही म्हणावं लागणार होतं.

घरी येऊन त्यानं डबा स्वतः घासला, चेपलेली बाजू आतून लाटण्यानं ठोकून जमेल तशी बाहेर काढली, कडी वाकवून बसवली. रचना दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "रिकामा धाडू नका हं. साखर घाला." तो तेच करणार होता. साखरेचा मोठा डबा काढून तो ओतू लागला. डबा भरला, तरी ओतत राहिला, बोटांनी दाबून जागा केली आणि आणखी ओतली. मग खोबऱ्याची वाटी उभी खोचली. मग बेदाणे. अर्ध्या पानाच्या बदल्यात किती झालं म्हणजे फिटतं ते त्याला कळत नव्हतं, पण शामूनं डबा उघडल्या उघडल्या त्याला दिसलं पाहिजे होतं.

"अहो, पुरे," रचना म्हणाली. "झाकण बसायचं नाही."

"बसंल," परसू म्हणाला, आणि दोन्ही तळहातांनी ते दाबू लागला. साखर कडेनं सांडत होती, ओट्यावरून खाली पडत होती, आणि झाकण बसत नव्हतं.